आईच्या हातातून वस्तू पडतात, चालताना तोल जातो: मान, मनगट की मेंदू?

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. आई ६६ वर्षांची आहे, बीपीची एक गोळी सोडली तर तशी खुटखुटीत. पण गेल्या वर्षभरात तिच्या दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्यात, आधी कधीतरी यायच्या आता जवळजवळ कायम असतात. आणि मुंग्यांपेक्षा मला जास्त खटकतंय ते म्हणजे तिच्या हातातून वस्तू निसटतात, पेन, चावी, मोबाईल काहीही. जी बाई सुईत दोरा एका झटक्यात ओवायची तिला आता बटण लावायला मी लागते. सही तर इतकी बदललीय की बँकेने परत पाठवली.

दुखतं का विचारलं तर म्हणते मान थोडी आखडते बाकी काही नाही. आणि दुखत नाही म्हणून तिला हे मनावर घ्यावंसंच वाटत नाही, "वय झालं ग" एवढंच. गेल्या दोनतीन महिन्यांत चालणंही बदललंय, पाय जरा फाकवून, जपून जपून टाकते, अंधारात भिंत धरते.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मानेचा एक्सरे काढला, "वयोमानाप्रमाणे स्पॉन्डिलोसिस", म्हणजे मणक्यांची झीज, असं आलं, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि पट्टा दिला. दुसरीकडे दाखवलं तर त्यांनी चालण्याची तक्रार ऐकून कमरेचा एमआरआय करायला सांगितला, त्यात दोन ठिकाणी गादी फुगलीय असं आलं. बहीण म्हणते पार्किन्सन असेल. मी नेटवर वाचत बसले तर ब्रेन ट्यूमरपर्यंत पोचले आणि रात्रभर झोप नाही.

माझे प्रश्न दोन. हे मानेचं, मनगटाचं की मेंदूचं हे लक्षणांवरून काही कळतं का? आणि दाखवायचं कोणाला, ऑर्थो, न्यूरोलॉजिस्ट की न्यूरोसर्जन?

हाडवैरी_नाही:
मी फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून थोडं विचारते. कोणत्या बोटांना मुंग्या येतात ते नीट विचारा, ते फार कामाचं असतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, आणि तेही रात्री झोपेतून जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, असं असेल तर मनगटातली नस दबली असण्याची शक्यता जास्त, म्हणजे कार्पल टनेल. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची अर्धी बाजू असेल तर कोपराजवळची नस, जी आपटली की झिणझिण्या येतात तीच. मानेतून निघणारी एखादी नस दबली असेल तर बहुतेक एकाच हाताला, मानेपासून खांद्यातून खाली एक पट्टा दुखत येतो, सहावी नस असेल तर अंगठ्याकडे, सातवी असेल तर मधल्या बोटाकडे, आणि मान त्या बाजूला मागे वळवली की वाढतं.

पण तुमच्या वर्णनात दोन्ही हात आहेत, सगळी बोटं आहेत आणि शिवाय चालणं आहे. हे तिन्ही एका मनगटात बसत नाही. मनगटाची नस पायाला काही करू शकत नाही ना. मी तुमच्या जागी असते तर माझ्यासारखीकडे व्यायामाला यायच्या आधी डॉक्टरकडून हातोडीने तपासून घेतलं असतं. मानेला ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून ताण देणं, वगैरे कोणी सुचवलं तर तपासणी होईपर्यंत नकोच.

बिनधास्त६१:
इतकं घाबरायचं काही नाही हो. या वयात सगळ्यांना मान असते आणि सगळ्यांची ती दुखते. एमआरआय काढला की काहीतरी निघणारच. चांगल्या माणसाकडून मान मोकळी करून घ्या, कट्कन आवाज आला की सुटलं. माझ्या मेव्हण्याचा हात असाच बरा झाला.

सेवानिवृत्त_हातोडी:
आधी वरच्या प्रतिसादाबद्दल. बिनधास्त, तुमचं एक वाक्य शंभर टक्के खरं आहे आणि दुसरं धोक्याचं. खरं ते एमआरआयचं. २०१५ साली ३३ अभ्यास एकत्र करून पाहिलं होतं, त्यात ज्यांना काहीच त्रास नाही अशी ३११० माणसं होती, तर विशीतल्या ३७ टक्क्यांच्या मणक्याच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. म्हणजे रिपोर्टमध्ये "बल्ज", "डिजनरेशन" असं वाचून कोणी अंथरूण धरू नये. पाऊलवाट, तुमच्या आईच्या कमरेच्या दोन फुगलेल्या गाद्या बहुतेक याच हिशेबातल्या आहेत.

धोक्याचं वाक्य म्हणजे मान कट्कन मोडून घेणं. ज्या माणसाचे हात बावळे झालेत आणि तोल जातोय त्याच्या मानेला झटका द्यायचा नाही, कोणीही, कितीही चांगला माणूस असला तरी.

मी न्यूरोसर्जरीत आयुष्य काढलं, आता ओपीडी करत नाही, आणि न तपासता निदान करत नाही हेही सांगून ठेवतो. पण वर्णन वाचून मनात पहिलं नाव येतं ते सर्व्हायकल मायलोपथी. मानेतल्या मणक्यांची झीज होऊन नळी अरुंद होते आणि आतला मज्जारज्जूच दाबला जातो. एक नस दबणं वेगळं आणि ज्यातून सगळ्या नसा खाली जातात तो रज्जू दबणं वेगळं. नस दबली की माणूस ओरडतो. रज्जू दबला तर पुष्कळदा काहीच दुखत नाही, आणि घोळ इथेच होतो, कारण घरचे, पेशंट आणि खरं सांगायचं तर डॉक्टरही दुखण्यामागे धावतात. मोठ्या माणसांत मज्जारज्जू बिघडण्याचं जगभरात सगळ्यात जास्त आढळणारं कारण हेच आहे, तरी निदानाला सरासरी दोन वर्षांच्या वर लागतात असं एका अभ्यासात दिसलं होतं. मला त्याचं नवल वाटलं नाही. मधल्या काळात अर्ध्यांना कार्पल टनेल सांगितलेलं असतं आणि उरलेल्यांना वय.

मेंदू की मान, याला एक साधी कसोटी आहे. मानेच्या खालचंच बिघडलंय की वरचंही? चेहरा, बोलणं, गिळणं, नजर, ओळखपाळख, विचार हे सगळं मानेच्या वरचं खातं. हे सगळं ठीक आणि दोन्ही हात, दोन्ही पाय बिघडलेत, तर मानेकडे बघायचं. एका बाजूचा हातपाय आणि त्याच बाजूचा चेहरा गेला तर मेंदूकडे. हात ठणठणीत आणि फक्त पाय, तर पाठ किंवा कंबर. म्हणूनच हातही बिघडलेले असताना कमरेचा एमआरआय काढण्यात फारसा अर्थ नव्हता, कमरेतल्या नसा हाताला जातच नाहीत. मज्जारज्जू तर कमरेच्या पहिल्या दुसऱ्या मणक्याशीच संपतो, त्याखाली नुसता नसांचा झुबका.

घरी एवढं बघा. घड्याळ लावून १० सेकंदांत मूठ पूर्ण बंद आणि पूर्ण उघडी, जितक्या वेगाने जमेल तितकी, करायला सांगा. साधारण माणूस २० वेळा तरी करतो. दुसरं, हात पुढे करून बोटं जुळवून सरळ धरायला सांगा, करंगळी आपोआप बाजूला सरकते का पाहा. तिसरं, टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालायला सांगा, पण बाजूला उभ्या राहा, पडायला नको. आणि दोन गोष्टी मुद्दाम विचारा कारण बायका त्या आपणहून सांगत नाहीत. हनुवटी छातीला टेकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं का, आणि लघवीची घाई होते का, पोचेपर्यंत धीर निघत नाही असं.

कोणाला दाखवायचं म्हणाल तर न्यूरोलॉजिस्ट चालेल, मणक्याचा सर्जन मग तो न्यूरो असो की ऑर्थो, दोन्ही चालतील. हातोडी काढून गुडघे, कोपर, तळवे तपासणारा हवा. नस दबली असेल तर झटका मंद होतो, रज्जू दबला असेल तर उलट जोरात येतो. तळव्यावर रेघ ओढली की अंगठा वर जातो, हे बाबिन्स्कीने १८९६ मध्ये लिहून ठेवलंय आणि अजून कुठलं मशीन त्याला हटवू शकलेलं नाही. बूट मोजे न काढता जो तपासेल त्याला नमस्कार करून पुढे जा.

आणि हो, रक्तातलं बी १२ करून घ्या. ते कमी पडलं तरी हुबेहूब असंच होतं, हातापायाला मुंग्या, पाय कुठे पडतोय ते न कळणं, अंधारात तोल जाणं. आधीच गोळ्या सुरू असतील तर आकडा फसवा येऊ शकतो हे डॉक्टरला सांगा.

पाऊलवाट:
सर, काय लिहू कळत नाहीये. सगळं करून बघितलं. मूठ उजव्या हाताने ११ वेळा, डाव्या हाताने १३. डावी करंगळी सरकते, आम्ही दोघींनी तीनदा पाहिलं. टाचेला चवडा लावून दोन पावलं जेमतेम. करंट म्हणजे काय ते समजावल्यावर म्हणाली हो, केस विंचरताना मान वाकवली की कमरेपर्यंत सणक जाते, तिला वाटायचं थंडीने होतंय. आणि लघवीचं विचारल्यावर गप्प बसली, मग म्हणाली म्हणून तर मी बाहेर जात नाही हल्ली. आम्हाला वाटत होतं गुडघ्यामुळे जात नाही. चेहरा, बोलणं, स्मरणशक्ती एकदम तल्लख, माझ्या चुका ती काढते. परवा न्यूरोलॉजिस्टची वेळ घेतलीय. तोवर काय काळजी घेऊ? आणि पार्किन्सन नाही ना हे?

सेवानिवृत्त_हातोडी:
पडू देऊ नका, ही एकच मोठी काळजी. अरुंद नळीत रज्जू असताना साधं तोंडावर पडणं, मान मागे झटकली जाणं, एवढ्यानेही हात एकदम लुळे पडू शकतात. रात्री दिवा ठेवा, चटया गुंडाळा, बाथरूमला कोणीतरी सोबत. मालिश, मानेचे व्यायाम, ट्रॅक्शन सध्या बंद. हात किंवा पाय अचानक आणखी गळाले किंवा लघवी अडकली तर परवाची वाट पाहायची नाही, थेट इमर्जन्सी.

पार्किन्सनचं म्हणाल तर तो बहुतेक एका बाजूने सुरू होतो. हात मांडीवर निवांत ठेवलेला असताना थरथरतो, काही उचलायला गेलं की थरथर कमी होते. चालताना त्या बाजूचा हात हलत नाही, अक्षर बारीक बारीक होत जातं, चेहऱ्यावरचे भाव आटतात, पुष्कळांचा वास घ्यायची शक्ती आधी काही वर्षं गेलेली असते. मुंग्या, करंट, सरकणारी करंगळी हे त्याचं लक्षण नाही. शिवाय पार्किन्सनमध्ये पावलं लहान आणि जवळजवळ पडतात, पाय फाकून चालणं हे तोल सांभाळायला.

घरकोंबडा:
धाग्यात घुसतोय, माफ करा, पण इथे जाणकार दिसतायत म्हणून. बाबांना काल संध्याकाळी बोलताना जीभ जड झाली, उजव्या हातातला रिमोट खाली पडला, दहाएक मिनिटांत सगळं नॉर्मल. आता एकदम ठीक आहेत, पेपर वाचतायत. त्यांनाही मानेचा जुना त्रास आहे. हे मानेमुळेच असेल ना? सोमवारी दाखवलं तर चालेल?

सेवानिवृत्त_हातोडी:
नाही. सोमवार नाही, आत्ता उठा. बोलणं आणि उजवा हात एकदम जाणं हे मानेच्या मणक्याचं काम नाही, हे मेंदूच्या डाव्या बाजूचं आहे. मेंदूला रक्त नेणारी नळी थोडा वेळ तुंबली आणि सुटली असणार. आपोआप बरं झालं म्हणून लोक निर्धास्त होतात, पण यानंतर खऱ्या स्ट्रोकचा धोका सगळ्यात जास्त असतो तो पहिल्या ४८ तासांत, आणि तुमचे त्यातले काही तास गेलेत. जिथे सीटी स्कॅन आणि स्ट्रोकचे उपचार आहेत अशा ठिकाणी न्या, जाताना कधी सुरू झालं आणि कधी थांबलं ते कागदावर लिहून न्या, चालू गोळ्या सोबत घ्या. स्वतःहून रक्त पातळ करायची गोळी देऊ नका, आत रक्तस्राव नाही हे स्कॅनवरच कळतं.

हाडवैरी_नाही:
घरकोंबडा, प्लीज निघाला असाल अशी आशा. बाकी वाचणाऱ्यांसाठी, पुन्हा काही झालं तर हसायला सांगा, दोन्ही हात वर धरायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा. यातलं एक जरी अचानक बिघडलं तरी गाडी बोलवायची. माणूस शेवटचा नीट कधी होता ती वेळ लक्षात ठेवा, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं तर उठल्याची वेळ धरायची नाही, झोपायला गेल्याची. पण उशीर झालाय म्हणून घरी बसू नका, काहींना त्यानंतरही उपचार देता येतात.

निंबोणी:
विषय निघालाच आहे तर, मला वर्षातून काही वेळा डोळ्यासमोर चमकणाऱ्या नागमोडी रेषा येतात, मग हाताला मुंग्या चढतात, मग डोकं फुटतं. मी दरवेळी स्ट्रोक समजून घाबरते.

सेवानिवृत्त_हातोडी:
निंबोणी, मायग्रेनची आधीची सूचना अशी येते. फरक वेगात असतो. मायग्रेनमध्ये रेषा हळूहळू पसरतात, मुंग्या बोटांतून वर सरकत सरकत गालापर्यंत येतात, ५ मिनिटं ते तासाभरात ओसरतात आणि काहीतरी *जास्तीचं* होत असतं, चमकणं, झिणझिणणं. स्ट्रोकमध्ये काहीतरी *जातं* आणि ते एका क्षणात जातं. पण पहिल्यांदाच असं झालं, किंवा नेहमीपेक्षा वेगळं झालं, तर हा फरक घरी बसून करायचा नाही. एकदा नीट तपासून घ्या, आणि गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर हे डॉक्टरला आवर्जून सांगा, कारण अशा मायग्रेनमध्ये इस्ट्रोजेनवाल्या गोळ्या नको म्हणतात.

ट्यूमरच्या भीतीबद्दलही लिहून टाकतो म्हणजे पाऊलवाटसारख्या लोकांची झोप वाचेल. नुसती डोकेदुखी, वर्षानुवर्षं येऊन जाऊन असलेली, ही ट्यूमरची क्वचितच असते. मेंदूला स्वतःला दुखतच नाही, दुखतं ते त्याच्या आवरणांना आणि रक्तवाहिन्यांना. नवीन सुरू झालेली आणि आठवड्यागणिक वाढत जाणारी, पहाटे जास्त, खोकताना वाकताना वाढणारी, सोबत उलट्या, मोठ्या वयात पहिल्यांदाच आलेली फिट, किंवा घरच्यांना जाणवणारा स्वभावातला बदल, हे असेल तर स्कॅन. आणि एका क्षणात शिखराला पोचलेली, आयुष्यात कधी अशी दुखली नाही अशी डोकेदुखी म्हणजे रक्तस्राव नाही ना हे त्याच दिवशी बघायचं. म्हातारी माणसं महिन्यापूर्वी कुठेतरी आपटलेली असतात, विसरून गेलेली असतात, आणि मग सुस्त होतात, गोंधळतात, एक पाय ओढतात. कवटीच्या आत हळूहळू साचलेलं रक्त असतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच संशय घ्यावा.

खुंटीवरची_छत्री:
पाऊलवाट, मी यातून गेलोय म्हणून लिहितो. मायलोपथीचं माझं ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झालं, मानेच्या पुढून, दोन गाद्या काढून. मलाही मान दुखत नव्हती, मी फक्त टाईप करताना चुका करायला लागलो होतो आणि पायऱ्या उतरताना कठडा लागायचा. ऑपरेशनआधी सर्जनने स्पष्ट सांगितलं की हे पुढे वाढू नये म्हणून करायचंय, गेलेलं परत येईल ते बोनस. हे ऐकून वाईट वाटलं पण बरं झालं सांगितलं, कारण नंतर रोज मुठी मोजत बसलो नाही. चालणं बरंच सुधारलं, पकड सुधारली, बोटांच्या टोकांचा बधिरपणा अजून आहे. पहिला आठवडा गिळताना घसा दुखतो, आवाज बसतो, त्याची कल्पना आईंना आधी द्या नाहीतर घाबरतील.

बिनधास्त६१:
मान मोडायचं मी मागे घेतो. मेव्हण्याला एकाच हाताला होतं आणि दुखत होतं, आत्ता विचारून घेतलं. लघवीचं मलाच विचारायचं होतं, कंबरवाल्यांनाही होतं का ते?

हाडवैरी_नाही:
कंबरवाल्यांना होतं आणि तेव्हा ती सगळ्यात घाईची गोष्ट असते. साधी सायटिका, म्हणजे एका पायात कुल्ह्यापासून खाली सणक, बहुतेकांची काही आठवड्यांत ऑपरेशनशिवाय उतरते. पण दोन्ही पायांत उतरली, सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर झाला, लघवी होतेय की नाही हेच कळेनासं झालं किंवा अडकली, तर रात्री दोन वाजले असले तरी निघायचं. त्यात तासांनी फरक पडतो. लाजून सकाळची वाट पाहिलेले लोक मी पुढे व्यायामाला येताना पाहिलेत, म्हणून इतकं उघड लिहितेय.

घरकोंबडा:
आम्ही हॉस्पिटलमध्येच आहोत. बाबांच्या मानेतल्या रक्तवाहिनीत, समोरच्या बाजूच्या, बराच अडथळा निघाला. ॲडमिट केलंय, गोळ्या सुरू झाल्यात, पुढे काय करायचं ते उद्या सांगतील. मी वाचायला आलो होतो दुसराच धागा. धन्यवाद सर, सविस्तर नंतर.

पाऊलवाट:
अपडेट देते. न्यूरोलॉजिस्टने मोजे काढून तपासलं, मला सर आठवले. गुडघ्याला हातोडी लावली तर पाय असा उडाला की आईच दचकली. मानेचा एमआरआय झाला, पाचव्या आणि सहाव्या मणक्यामध्ये रज्जू चांगलाच दबलाय आणि रज्जूच्या आत पांढरा डाग दिसतोय म्हणाले. बी १२ पण कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू केली. हातपाय आणि लघवी कितपत बिघडलीय ते मोजायच्या मापात १८ पैकी १२ गुण आहेत, मध्यम म्हणजे ऑपरेशन सुचवतो असं सर्जन म्हणाले. आई विचारतेय बी १२ भरून निघालं तर ऑपरेशन टळेल का. आणि तो पांढरा डाग म्हणजे कायमचं नुकसान का?

सेवानिवृत्त_हातोडी:
बी १२ ने रज्जूवरचा दाब कमी होणार नाही, म्हणून त्यासाठी थांबू नका. दोन्ही एकत्र असणं अजिबात दुर्मिळ नाही, इंजेक्शनं ऑपरेशनच्या आधी आणि नंतरही चालू राहतील. भूल देणाऱ्या डॉक्टरांना बी १२ कमी आहे हे सांगा, नायट्रस ऑक्साईड हा भुलीचा वायू वापरायचा नाही एवढ्यासाठी. पांढऱ्या डागाचा अर्थ एकच नसतो, काही वेळा नुसती सूज असते. एमआरआयच्या टी १ नावाच्या फिल्ममध्येही त्याच जागी काळं दिसत असेल तर काळजीचं जास्त. सर्जनला ती फिल्म दाखवून विचारा, आणि पुढून करणार की मागून, का, हेही विचारा. बोटांच्या मुंग्या सगळ्यात शेवटी जातात, कधी पूर्ण जातही नाहीत. बटणं मात्र पुष्कळ जणींना परत लावता येतात.